ईशान्येकडून सुरुवात

हैदराबादच्या हिमायतनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आबासाहेब सोळुंके फरशीत बघून भांग पाडत होते. फरशी अजून बसलेली नव्हती. दुकानातून नमुना म्हणून आणलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. भांग पाडण्याइतका माल आबासाहेबांच्या डोक्यावरही फारसा उरला नव्हता, पण कौतुक केसांचं नव्हतंच, फरशीचं होतं.

“तारामती, ये इकडं. ही फरशी आहे का आरसा, सांग बघू!”

“आरसाच आहे,” स्वयंपाकघरातून तारामतीबाई म्हणाल्या. “आरशावर कुणी चालतंय का पण? पाय घसरून पडले तर पडताना माझं तोंड मलाच दिसंल, तेवढाच काय तो फायदा.”

या फरशीपायी दोघांनी हैदराबादेतली टाइल्सची दुकानं पालथी घातली होती. तारामतीबाई दुकानात शिरताना पिशवीतून हळदीची पुडी, गोडेतेलाची बाटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन जायच्या. समोर येईल त्या फरशीवर तेलात कालवलेली हळद टाकायची, दुकानदाराशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मग पुसून बघायची. एका दुकानात पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या तुकड्यानं हळद अशी पिऊन घेतली, की तो तुकडा बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसू लागला. दुकानदारानं पुढच्या खेपेला शटर अर्धं खाली ओढलं. हळदीत पास झालेल्या फरशीची मग पाण्याची परीक्षा. तिच्यावर पाणी ओतून बाई स्वतः अनवाणी उभ्या राहायच्या. गुडघा दुखरा, त्यामुळे घसरण्याची भीती खरीखुरी होती. शेवटी त्यांना एक फरशी पसंत पडली. रंग मातकट, अंगाला किंचित खरखरीत आणि चकाकीच्या नावानं शंख.

“ही काय फरशी आहे का ज्वारीची भाकरी?” आबासाहेब म्हणाले. “पाहुणे येतील, बघतील, काय म्हणतील?”

“पाहुणे उभे तर राहतील की! तुमच्या आरशावर आले तर लोळतच येतील.”

पण निर्णय आबासाहेबांचा होता. हॉलला आरसाच घ्यायचं ठरलं. बाईंचा रुसवा काढायला म्हणून मातकट फरशीची काही खोकी न्हाणीघरासाठी घेतली आणि ती शेजारच्या पद्मावतीच्या दारापाशी एकावर एक रचून ठेवली.

आता फरशीचा एवढा सोस कशाला, असं कुणी विचारील. सांगते. आबासाहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते आबिड्सच्या रस्त्यानं नुसते चालत गेले तरी दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ व्हायचे. निवृत्त झाल्यावर मात्र घरात भाजीत मीठ किती घालायचं, याबद्दलसुद्धा त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. ते सांगायचे, तरी कुणी घेत नव्हतं. माणसाला हे फार लागतं हो! अशात मराठी मंडळाच्या नामपल्लीच्या सभागृहातली जुनी फरशी उखडली. हळदीकुंकवाला एक बाई तिळगुळाच्या ताटासकट आडव्या झाल्या आणि मंडळानं फरशी समिती नेमायचं ठरवलं. समिती म्हटली की अध्यक्ष आलाच. ‘अध्यक्ष आबासाहेब सोळुंके’ हे शब्द आबासाहेब आंघोळ करताना मोठ्यानं म्हणून बघायचे. त्यांना हे पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

समोर उमेदवार एकच होते, पुण्याहून आलेले, संगणकाच्या कंपनीतले विजयराव. मंडळाच्या सर्वेसर्वा कुसुमताईंनी निकाल लावायची पद्धत ठरवून टाकली होती. “भाषणं कुणी करायची नाहीत. दोघांच्या घरच्या फरश्या बघू आणि जागेवर हात वर करून ठरवू.” मागच्या रविवारी सगळे विजयरावांकडे जाऊन आले. त्यांच्याकडे लाकडासारखी दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची जमीन. दिसायला झकास, पण पाण्याच्या फिल्टरखाली गळती होऊन तिथल्या पट्ट्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. कुसुमताईंचा अंगठा नेमका तिथंच ठेचकाळला. विजयराव म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या हा दोष फिल्टरचा आहे.” कुसुमताई म्हणाल्या, “अंगठा माझा आहे.” म्हणजे मैदान मोकळंच झालं होतं. आता या रविवारी पाच वाजता सगळे सोळुंक्यांकडे येणार होते आणि आबासाहेबांनी फक्त फरशी दाखवायची होती.

फरशी बसवायची होती तेवढीच अडचण. खाजाभाई मिस्त्री रोज फोनवर “परसों आता साब” म्हणायचा. हैदराबादचा परसों कुठल्या पंचांगात सापडत नाही. शेवटी तो उगवला तो त्याच रविवारी, सकाळी. हॉलमधलं सामान बेडरूममध्ये कोंबून झालं होतं, दारं खालून तासून झाली होती. जुन्या मोझॅकवरच सिमेंटचा मसाला टाकून नवी फरशी चिकटवायची होती, त्यामुळे तोडफोड काही नव्हती.

“पाच बजेतक होता क्या?” आबासाहेबांनी विचारलं.

“हो जाता साब.”

खाजाभाईला नाही म्हणायची सवय नव्हती. तुम्ही त्याला म्हणाला असतात, फरशी छताला लावतोस का, तरी तो “हो जाता” म्हणाला असता आणि शिडी मागितली असती. तो आपला बेडरूमच्या दारापाशी, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्यानं मसाला कालवायला घेतला.

“अरे थांब! उधर से नहीं!” आबासाहेब ओरडले. “शुभकामाची सुरुवात ईशान्येपासून. आपली ईशान्य म्हणजे हा मुख्य दरवाजा. यहाँ से शुरू करो.”

“हौ साब. हो जाता.”

खाजाभाई उठून दाराशी आला. हैदराबादेत वास्तू बघितल्याशिवाय कुणी भिंतीत खिळा ठोकत नाही, त्यामुळे त्याला यात नवल काहीच वाटलं नाही. नवल वाटलं ते तारामतीबाईंना.

“अहो, काय करायलाव तुम्ही? दारापासून कुणी सुरू करतंय का? आमच्या गावी, उमरीला, सगळं घर मी शेणानं सारवायची. सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यात बसती अन् मागं मागं सरकत दारातून बाहेर निघती. दारापासून सारवत आत गेली तर ती बाहेर कशी यावी?”

“तारामती, हे शेण नाही. ही व्हिट्रिफाइड टाइल आहे.”

“असू द्या की. ओली तर आहे ना?”

“तुला यातलं काही कळत नाही. ईशान्य म्हणजे ईशान्य!”

“बरं बा. बसा ईशान्य धरून.” बाईंनी पायात चपला अडकवल्या. “मी चालले पद्मावतीकडं. संध्याकाळच्या पाहुण्यांचा फराळ तिच्याकडंच करते.”

असं म्हणून त्या शेजारी गेल्या आणि हॉलमध्ये आबासाहेब आणि खाजाभाई दोघंच राहिले.

काम मात्र झकास चाललं. खाजाभाई मसाला पसरायचा, फरशी ठेवायचा, रबरी हातोडीनं ठोकायचा. आबासाहेब त्याच्यासमोर फरशीची पातळी बघायची पट्टी घेऊन उभे. तिच्यातला बुडबुडा केसभर इकडे तिकडे झाला की ते म्हणायचे, “जरा दक्षिणेकडं बसव.” इतक्या वर्षांची वजनमापे अंगात संचारली होती. फरशी एकेक ओळ पुढे येत होती आणि आबासाहेब एकेक पाऊल मागे सरत होते. आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी मागे रेटत नेतंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आधी सोफ्याची जागा गेली, मग जेवणाच्या टेबलाची. स्वयंपाकघराचं दार पलीकडे राहिलं. दुपार कलली तेव्हा आबासाहेबांची पाठ बेडरूममधल्या पलंगाला टेकली आणि खाजाभाईनं शेवटची फरशी बेडरूमच्या उंबऱ्याशी आतूनच बसवली.

“वा! क्या बात है!” आबासाहेब भरून पावले. हॉल नुसता झळाळत होता. खिडकीतलं ऊन, छताचा पंखा, सगळं जमिनीत उतरलं होतं. “चल खाजाभाई, आता चहा पिऊन येऊ.”

त्यांनी पाय उचलला.

“पाँव नक्को साब!” खाजाभाईनं त्यांची बंडी मागून धरली. “मसाला गीला है. कल तक कुछ बी नहीं रखना. पाँव रखे तो पूरा लेवल गया.”

“मग आपण बाहेर कसं जायचं?”

खाजाभाईनं हॉलकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “नहीं जा सकते साब.”

“अरे, हे सकाळी का नाही सांगितलंस?”

“आप ईशान्य बोले, मैं किया. बडे लोगां के घर में मैं सवाल नहीं करता.” असं म्हणून त्यानं पलंगाखाली पाय पसरले. “खाने कू क्या है साब?”

आबासाहेब खिडकीकडे वळले. बेडरूमच्या खिडकीला लोखंडी जाळी. स्वतःच बसवून घेतलेली, चोर आत येऊ नये म्हणून! खाली तीन मजले. त्यांनी मुकाट्यानं तारामतीबाईंना फोन लावला.

“हॅलो, तारामती... फरशी फार छान झाली बघ.”

“झाली ना? मग या की इकडं. पोहे टाकलेत.”

“येतो. म्हणजे... उद्या येतो.”

पलीकडून जे हसू फुटलं ते फोन नसता तरी भिंतीतून ऐकू आलं असतं. मागून पद्मावतीचा आवाज आला, “अय्यो! अंकल लोपल उन्नारा? आतच राहिले?” आणि मग दोघी मिळून हसल्या. शेवटी दया येऊन बायकांनी पद्मावतीच्या बाल्कनीतून काठीला डबा बांधला आणि जाळीतून आत सरकवला. पोह्यातले जास्तीचे शेंगदाणे खाजाभाईनं खाल्ले.

पाच वाजले. कुसुमताई वेळेच्या पक्क्या. हातात आबिड्सवरून घेतलेला शेवंतीचा हार, मागे विजयराव आणि त्यांच्या मागे मंडळाची आठदहा माणसं जिना चढून आली. दार उघडंच होतं. दाराच्या आत झगमगता हॉल आणि हॉलच्या पलीकडच्या काठाला, बेडरूमच्या चौकटीत, रेशमी नेहरू शर्ट घातलेले आबासाहेब हात जोडून उभे!

“या, या! नमस्कार!” आबासाहेबांनी पलीकडून आवाज दिला. “चपला काढू नका. म्हणजे, आतच येऊ नका.”

“का हो?” कुसुमताईंनी विचारलं.

“फरशीचं सौंदर्य कसं, लांबून जास्त दिसतं.”

“ते दिसलं. पण तुम्ही तरी इकडं या ना. फरशीवरून चालून दाखवा, म्हणजे आम्हाला कळेल.”

“मी इथंच बरा आहे, ताई.”

एवढ्यात आबासाहेबांच्या काखेखालून खाजाभाईचं डोकं बाहेर आलं. “साब अंदर फँस गए ना! कल सुबेतक.”

पॅसेजमध्ये एकच हशा पिकला. विजयरावांचा चेहरा तर आठवड्यात पहिल्यांदा फुलला. “आबासाहेब, माझी फरशी फुगली असेल, पण निदान मी तिच्यावर उभा राहू शकतो!”

हे मात्र आबासाहेबांना लागलं. कान लाल झाले. इतक्या दिवसांचं स्वप्न दाराशी हार घेऊन उभं होतं आणि मधे फक्त एक हॉल होता. ते वळले आणि पलंगाखाली कोंबलेल्या सामानातून दोन पाट ओढून काढले, महालक्ष्म्यांच्या जेवणाला मांडतात ते.

“खाजाभाई, या पाटांवरून गेलं तर? एकावर उभं राहायचं, दुसरा पुढं टाकायचा. वजन सगळीकडं सारखं विभागलं जातं. हो जाता क्या?”

“हौ साब. हो जाता.”

“अहो, नका! माझं ऐका तरी!” तारामतीबाई दारातून ओरडल्या. फराळाची परात हातातच होती.

पण आबासाहेब निघाले. पहिला पाट ठेवला, त्यावर उभे राहिले. दुसरा पुढे टाकला, त्यावर गेले, मग मागचा उचलून पुन्हा पुढे. पॅसेजमधली माणसं श्वास रोखून बघत होती. तिसऱ्या पावलापर्यंत सगळं सुरळीत झालं. हॉलच्या मधोमध आल्यावर त्यांनी मागचा पाट उचलायला हात घातला आणि तो काही सुटेना. फरश्यांच्या फटीतून वर आलेल्या मसाल्यानं त्याला घट्ट धरला होता. आबासाहेबांनी जोर लावला. पाट सुटला नाहीच, उलट त्यांच्या पायाखालची फरशी एका कोपऱ्यानं खचकन खाली बसली आणि शेजारची तिच्या डोक्यावर चढली. आबासाहेब डुलले, सावरले आणि एका पाटावर दोन्ही पाय जुळवून जागच्या जागी उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

“मंगलमूर्ती मोरया!” मागून कुणीतरी म्हणालं.

“हसू नका!” आबासाहेब कळवळून म्हणाले. हात हलवायचीही सोय नव्हती. “तारामती, तू तरी हसू नकोस.”

तारामतीबाई हसत नव्हत्या. नवऱ्याचा असा देव झालेला बघून त्यांचा जीव खालीवर होत होता आणि म्हणूनच त्या भडकल्या. “सकाळीच सांगितलं होतं की नाही? सारवणारी बाई मागं मागं सरकत दाराकडं येती! उमरीच्या शेंबड्या पोरीलासुद्धा कळतंय हे. अन् हे निघाले ईशान्य धरून आत! ती भाकरीसारखी फरशी घेतली असती तर पाय तरी रोवून उभे राहिले असते.”

कुसुमताईंनी मान वळवली. “कुठली भाकरीसारखी फरशी?”

“ही काय.” बाईंनी पद्मावतीच्या दारापाशी ठेवलेल्या खोक्यातली एक फरशी उचलून समोर ठेवली. “हळद धरत नाही. पाण्यात पाय घसरत नाही. मी सगळ्या दुकानांतून उभं राहून बघितलंय. आपल्या सभागृहात बायका तेलाचे दिवे लावतात, म्हातारी माणसं येतात, पोरं पाणी सांडतात. तिथं आरसा काय करायचाय?”

कुसुमताईंनी चप्पल काढून ठेचकाळलेला अंगठा हलकेच त्या फरशीवर घासून बघितला. मग हॉलमधल्या देवाकडे बघितलं. मग विजयरावांकडे.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “एकाच्या फरशीवर मी ठेचकाळले आणि दुसऱ्याच्या फरशीवर उमेदवारच अडकला. मला असं माणूस पाहिजे, जे आत शिरायच्या आधी बाहेर कसं यायचं याचा विचार करतं. मी फरशी समितीच्या अध्यक्षपदासाठी तारामतीबाई सोळुंक्यांचं नाव सुचवते. हात वर करा.”

“अगं बाई! मला काय करायचंय?” तारामतीबाई म्हणाल्या, पण हात भराभर वर गेले. विजयरावांनी तर दोन्ही वर केले. आपलं पद गेलं तरी चालेल, आबासाहेबांना मिळता कामा नये, असा त्यांचा साधा हिशेब होता. पद्मावती मंडळाची सदस्यही नव्हती, तरी तिनं हात वर केला. आणि नेमकं त्याच वेळी आबासाहेबांच्या पायाखालची दुसरी फरशी सरकली. तोल सावरायला त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

“यजमानांचाही पाठिंबा!” कुसुमताईंनी जाहीर केलं. “एकमतानं मंजूर.”

“ते मत नाही! तो तोल आहे!” आबासाहेब ओरडले. पण टाळ्यांच्या कडकडाटात कुणाला काही ऐकू गेलं नाही आणि शेवंतीचा हार तारामतीबाईंच्या गळ्यात पडला.

गळ्यात हार आला तशा बाई पाहुणचार विसरून कामाला लागल्या. “खाजाभाई! ओल्या आहेत तोवर मधल्या फरश्या काढ. उधर से, तुझ्या पायापासून काढत काढत साहेबांपर्यंत ये, मग दोघं दारापर्यंत या.”

“हौ अम्मा. हो जाता.”

आणि खरंच झालं. खाजाभाईनं थापीनं एकेक फरशी उचकटत जुन्या मोझॅकची वाट मोकळी केली. त्याच्यामागून एका हातात पाट आणि दुसऱ्या हातानं मिस्त्रीचा खांदा धरून आबासाहेब दाराबाहेर आले. तळपायाला मसाला, चेहऱ्यावर वैराग्य. पद्मावतीनं त्यांच्या पायांवर बादलीभर पाणी ओतलं. मग अध्यक्षबाईंनी ती मातकट खोकी फोडायला लावली आणि खाजाभाईनं मधली वाट त्या फरश्यांनी भरून काढली. या खेपेला आतून सुरुवात करून, मागं मागं सरकत, दारातून बाहेर.

तेव्हापासून सोळुंक्यांच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना आरसा आणि मधोमध बेडरूमपासून दारापर्यंत भाकरीच्या रंगाची पायवाट आहे. आल्यागेल्याला आबासाहेब तो खास डिझाइनचा प्रकार आहे असं सांगतात. चालताना मात्र ते स्वतः पायवाट सोडत नाहीत.

पुढच्या रविवारी नामपल्लीच्या सभागृहात समितीची पहिली बैठक भरली. तारामतीबाई खुर्चीत, आबासाहेब साधे सदस्य, तेही बाईंनी शब्द टाकला म्हणून. फरशी मातकटच घ्यायची, हे चुटकीसरशी ठरलं. कोपऱ्यात खाजाभाई मसाल्याची पोती रचत होता. त्यानं विचारलं, “काम कहाँ से शुरू करना अम्मा?”

तारामतीबाईंनी तोंड उघडायच्या आत आबासाहेब उभे राहिले. घसा खाकरला. सगळ्या सभागृहावरून वजनमापे खात्याची जुनी नजर फिरवली.

“आतल्या कोपऱ्यातून,” ते ठासून म्हणाले, “आणि मागं मागं सरकत दाराकडं. हे मी पहिल्यापासून सांगत होतो, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण?”

विजयरावांनी आ वासला. कुसुमताईंनी अध्यक्षबाईंकडे बघितलं. तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलू द्यायचे नाहीत म्हणून दुसऱ्या हातानं खुर्ची घट्ट धरली आणि म्हणाल्या, “ऐक रे खाजाभाई, साहेब म्हणतेत तसंच कर.”

“हौ अम्मा,” खाजाभाई म्हणाला. “हो जाता.”